किन्हवलीचा कॅथर

आमच्या शाळेत नवीन शिक्षक रुजू झाला की त्याला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जात. मागच्या नळाचं पाणी प्यायचं नाही, आणि कुणाला शोधायचं असेल तर इतिहासाच्या सरांना विचारायचं नाही. पहिल्या गोष्टीचं कारण नळाकडे पाहिल्यावर कळत असे. दुसरीचं कारण विचारलं की लोक म्हणत, "कळेल."

मला पहिल्याच आठवड्यात कळलं. हेडसरांची सही हवी होती आणि ते कुठे दिसेनात. व्हरांड्यात इतिहासाचे सर उभे होते, त्यांना मी विचारलं. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, "मी कुणाचा ठावठिकाणा सांगत नाही." मला वाटलं, हेडसरांवर काहीतरी गंभीर प्रसंग आला आहे. हेडसर त्यांच्या पाठीमागच्याच खोलीत डबा खात बसले होते. दार उघडं होतं आणि मटकीचा वास व्हरांड्यापर्यंत येत होता.

शाळा किन्हवलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मी गणित शिकवायची. सापगावहून शहापूर आणि शहापूरहून एसटीने शाळा असा माझा रोजचा प्रवास. सर किन्हवलीतच राहत. उंच, किडकिडीत, आणि बारा महिने हातात काळी छत्री. ती छत्री पावसासाठी नव्हती हे मला फार उशिरा कळलं. सर ज्यांना मानत त्या लोकांचे साधू काळे कपडे घालीत. सरांना काळा शर्ट घालायचा होता, पण काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ते चालू दिलं नाही. मग त्यांनी छत्रीवर भागवलं.

हे लोक म्हणजे कॅथर. सातआठशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या छोट्या छोट्या गावांत राहणारा एक पंथ. तो फ्रान्समधून उठून शहापूर तालुक्यात कसा आला, तर शाळेच्या वाचनालयामार्फत. मुंबईच्या कुणा निवृत्त गृहस्थांनी शाळेला इंग्रजी ज्ञानकोश भेट दिला होता. त्यातला 'सी' अक्षराचा एकच खंड पोहोचला. बाकीचे वाटेत कुठे उतरले ते अजून कुणाला माहीत नाही. सर नोकरीला लागले तेव्हा वाचनालयात वाचण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून त्यांनी तो खंड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. उंट, कालवे, गाजर, कोळसा या विषयांवर ते कितीही वेळ बोलू शकत. 'डी'पासून पुढे त्यांना आपल्याइतकंच माहीत होतं.

कॅथरांवरचा मजकूर संपता संपता 'अधिक माहितीसाठी ए खंड पाहा' असं लिहिलं होतं, कारण या पंथाचं दुसरं इंग्रजी नाव 'ए'पासून सुरू होतं. त्या वाक्यावर सर कित्येक वर्षं अडकून होते. पुढे मोबाइल आला, त्यात इंटरनेट आलं, आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा 'ए' पाहिला. तोपर्यंत त्यांचं मत पक्कं झालेलं होतं. ते स्वतः कॅथर होते.

पंथात दोन प्रकारची माणसं असत. एक पूर्ण दीक्षा घेतलेले. ते लग्न करत नसत आणि मांस, अंडी, दूध यांना शिवत नसत. दुसरे साधे श्रद्धाळू. ते चारचौघांसारखं जगत आणि मरताना दीक्षा घेत. सर दुसऱ्या प्रकारातले, पण आहारापुरते त्यांनी पहिल्या प्रकाराचे नियम उचलले होते. वर्गात हे समजावून सांगितलं तेव्हा पाड्यावरून येणारी एक मुलगी म्हणाली, "म्हंजे आमचे माळकरीच की, सर." सर म्हणाले, "बरोबर. फक्त यांना मासे चालत." मासे पाण्यात आपोआप उपजतात अशी त्या लोकांची समजूत होती. मुलांना हे फार आवडलं. मासे खाणारा माळकरी ही कल्पना आमच्याकडे अजून कुणाला सुचली नव्हती आणि सुचल्यावर बऱ्याच घरांत तिचा विचार झाला.

काकूंचं मत स्पष्ट होतं. त्या म्हणत, या लोकांचं एवढंच एक चांगलं. दुधाचा खर्च वाचतो आणि बोंबील बंद होत नाहीत.

पंथाची मूळ शिकवण अशी की देव दोन आहेत. चांगल्याने आत्मे केले आणि दुसऱ्याने हे दिसणारं जग केलं. एकदा हे मान्य केलं की सरांना कशाचंच आश्चर्य वाटत नसे. वीज गेली, एसटी आली नाही, शिक्षक भरतीचा आदेश निघाला आणि परत घेतला गेला, की ते छत्री टेकून म्हणत, "हे त्या दुसऱ्याचं खातं." हळूहळू सगळी शाळा तसं बोलू लागली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी स्वच्छतागृहाबद्दल विचारलं तेव्हा आमचा शिपाई पटकन म्हणून गेला, "ते दुसऱ्या खात्याकडं येतं, साहेब." साहेबांनी तसा शेरा मारला.

कॅथर शपथही घेत नसत. त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळी शाळा हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणायची तेव्हा सर हात खाली ठेवून उभे. यावरून हेडसरांशी त्यांचं वाजलं. सरांचं म्हणणं असं, की प्रतिज्ञेतला शब्दन् शब्द त्यांना मान्य आहे आणि तसं वागायला ते तयार आहेत, पण खरं बोलण्याची शपथ घेणं म्हणजे एरवी आपण खोटं बोलतो हे कबूल करणं. हेडसरांनी ते वाक्य दोनदा ऐकून घेतलं. मग त्यांनी सरांना प्रार्थनेच्या वेळी फाटकावर उभं राहून उशिरा येणाऱ्या मुलांची नावं घ्यायला सांगितलं. सर फाटकावर उभे राहिले. नाव त्यांनी एकाचंही दिलं नाही.

याचं मूळ बेझिअर्स नावाच्या गावात होतं. सर इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे बेझिअर्सच म्हणायचे. फ्रेंच माणूस काय म्हणतो हे सांगायला किन्हवलीत कुणी नव्हतं. या गावावर फौज चालून आली. गावात कॅथर थोडे आणि इतर जास्त. फौज म्हणाली, तेवढे पाखंडी आमच्या हवाली करा, बाकीच्यांना हात लावणार नाही. गावकऱ्यांनी नकार दिला. हा धडा पुस्तकात नव्हता, पण दर वर्षी नववीच्या वर्गाला सर तो शिकवत, आणि दर वर्षी तिथे आल्यावर थांबून म्हणत, "लक्षात घ्या. नकार देणारे कॅथर नव्हते. शेजारी होते."

"मंग काय झालं, सर?"

"सगळे मारले गेले."

"मंग सांगायला पायजे व्हतं ना."

सर फळा पुसून टाकत. मग म्हणत, "परीक्षेला येणार नाही हे."

बेझिअर्सबद्दल वाचल्यापासून सरांनी नियम केला होता. कोण कुठे आहे हे कुणालाही, कधीही, कुठल्याही कारणासाठी सांगायचं नाही. कारणं बघून सांगायला लागलो तर ज्या दिवशी खरंच सांगायचं नसेल त्या दिवशी लोकांना बरोबर कळेल, असं ते म्हणायचे. तेव्हा मला वाटायचं, या माणसाला कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं. ज्याला शोधायचा तो समोर दिसत असला तरी हे सांगायचे नाहीत.

आमच्या घरालाही याचा प्रसाद मिळालेला होता. माझे आजोबा शेवटी शेवटी विसरभोळे झाले होते. एकदा ते सापगावहून निघाले आणि मिळेल त्या गाडीत बसून किन्हवलीला उतरले. बाबा आणि माझा काका शोधत शोधत बाजारात आले. माझ्या शाळेतले, ओळखीचे म्हणून सरांना विचारलं, आमचा म्हातारा पाहिलात का? सर म्हणाले, मी कुणाचा ठावठिकाणा सांगत नाही. बाबा आणि काका दिवसभर रानोमाळ हिंडले. संध्याकाळी आजोबा एसटीने स्वतःच परत आले, खुशीत. दिवसभर ते सरांच्या ओटीवर झोपले होते, काकूंनी त्यांना जेवायला घातलं होतं आणि सरांनी त्यांना उंटाबद्दल सगळं सांगितलं होतं. काकाने सरांना भर बाजारात शिव्या दिल्या. सरांनी त्या ऐकून घेतल्या आणि आजोबांची तब्येत विचारली.

दुसरा प्रसंग सरांच्या शेजारच्या दुकानदाराचा. त्याची बायको भांडून निघून गेली. त्याने सरांना विचारलं, उत्तर तेच आलं, म्हणून त्याला वाटलं ती इथेच आहे. चार माणसं घेऊन तो घरात घुसला, कोठीची खोली उपसली, काकूंचा पाण्याचा माठ फोडला. आत बाई नव्हती. ती मुरबाडला मावशीकडे होती आणि तसं सांगून गेली होती. याने ऐकलं नव्हतं इतकंच. महिनाभर बाजारातली माणसं त्याच्या दुकानात येऊन माठ मागत होती.

या दोन गोष्टी मी अशासाठी सांगितल्या, की पुढे त्यांच्यावर माझं लग्न ठरायचं होतं.

मी ज्याच्याशी लग्न करणार होते तो मुरबाडकडच्या एका डोंगरपाड्यावरचा. कृषी खात्यात नोकरी, स्वभाव शांत, माझ्यापेक्षा अक्षर चांगलं. पण आमचं घर खालच्या भातवाल्यांचं आणि तो पाड्यावरचा, एवढ्यावर काकाचं म्हणणं संपत असे. बाबा फारसं बोलत नसत. आमच्या घरात मोठ्याने बोलायचं काम काकाचं होतं. त्याने भिवंडीकडचं एक स्थळ परस्पर ठरवलं आणि त्याच आठवड्यात हळद लावायची म्हणून मांडववाल्यालाही सांगून टाकलं. आमची कल्याणला नोंदणीची तारीख सोमवारची होती. मला फक्त रविवार काढायचा होता. मैत्रिणींची घरं काकाला पाठ होती. नातेवाइकांकडे जाणं म्हणजे काकाकडेच जाणं. मी खूप विचार केला आणि माझ्या लक्षात आलं, की सबंध तालुक्यात न सांगणारा माणूस एकच आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता सरांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "लग्न हे दुसऱ्याचं खातं आहे. मी कुणाला सुचवणार नाही. पण तुम्हाला करायचं असेल तर राहा." मग म्हणाले, "एक आधीच सांगतो. मी खोटं बोलणार नाही."

मी विचारलं, "मग ते आले तर काय म्हणाल?"

"नेहमी म्हणतो तेच."

काकूंनी मला कोठीच्या खोलीत जागा करून दिली. तिथे तांदळाची पोती होती आणि वर्षाचे सुके बोंबील होते. माझ्या साडीचा तो वास पुढे सोमवारी नोंदणी अधिकाऱ्यांनाही आला, पण ते काही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी जीप आली. मी दाराच्या फटीतून बघत होते. काका, बाबा, काकाची दोन माणसं, आणि गर्दी बघून आलेला शेजारचा दुकानदार. सर ओटीवर कात्रीने बोंबलांची डोकी काढत बसले होते. आता बाहेर ओढून नेलं तर माझं काय होणार हे मला स्पष्ट दिसत होतं, भिवंडीच्या मांडवापर्यंत.

"सर, आमची पोरगी तुमच्याकडं हाय का?" काकाने विचारलं.

सरांनी कात्री खाली ठेवली नाही. "मी कुणाचा ठावठिकाणा सांगत नाही."

"सांगत नाय म्हंजे आत हाय," काका म्हणाला.

तेव्हा दुकानदार मध्ये पडला. तो म्हणाला, तसं काय नाय. त्याच्या बायकोच्या वेळी पण हे असंच बोलले होते आणि बाई आत नव्हती. काकाची माणसं बाबांकडे बघू लागली. बाबा म्हणाले, "आमचा म्हातारा आत व्हता तवा पण असंच बोलले."

मी गणिताची बाई. दाराआड उभी राहून मला पहिल्यांदा सरांचा नियम समजला. प्रश्न कुठलाही असो, उत्तर एकच येत असेल, तर त्या उत्तरावरून काहीही सिद्ध करता येत नाही. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायची. हा माणूस ते नोकरीला लागल्यापासून जगत होता, लोकांच्या शिव्या खात.

काकाने पिशवीतून नारळ काढला. गावदेवीसमोर ठेवून आणलेला होता. आमच्याकडे या नारळावर हात ठेवून माणूस बोलला की वाद मिटतो, कोर्टातही मिटत नाही इतका. काका म्हणाला, यावर हात ठेवा आणि बोला, पोरगी आत नाय.

"शपथ मी घेत नाही," सर म्हणाले.

"नाय घेत ते," दुकानदार म्हणाला. "झेंड्याला पण नाय घेत."

काका काकूंकडे वळला. "वैनी, तुमी सांगा."

काकू दारात उभ्या होत्या, माझ्यापासून दोन हातांवर. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "माझ्या घरात कोण येतं न् कोण जातं, ते मला तरी कुठं सांगतात हे."

काका म्हणाला, मग आत बघू. दुकानदाराने लगेच सांगितलं की त्याने बघितलं होतं, आणि पुढे माठाचं काय झालं तेही सांगितलं. काकाची माणसं हसली. बाबा या वेळेपर्यंत ओटीच्या पायरीवर बसले होते. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी शेजारी टाकला होता. उभ्या उभ्या भांडायला आलेला माणूस मध्येच बसला का, हे मला कळलं नाही. वाटलं, गुडघा दुखत असेल. ते काकाला म्हणाले, "चल. परत हसं नको करून घ्यायला. वाशिंदला बघू, तिच्या मैत्रिणीकडं."

सगळे जीपकडे गेले. बाबा शेवटी उठले. जाता जाता त्यांनी सरांना विचारलं, बोंबील चांगले आहेत, कुठले? सर म्हणाले, बाजारातले.

जीपचा आवाज गेल्यावर मी बाहेर आले. सर अजून कापतच होते. समोरच्या बोंबलांना डोकी नव्हती, शेपट्या नव्हत्या, नुसते बोटाएवढे तुकडे होते, आणि सरांचे हात थांबत नव्हते. काकूंनी त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली. ते म्हणाले, "बेझिअर्सपेक्षा आपलं थोडक्यात भागलं." मग आत जाऊन बराच वेळ पाणी पीत राहिले. या माणसाला मी किती वर्षं वेडा समजत होते, आणि तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला असूनही जागचा हलला नव्हता. मला रडू आलं. काकू म्हणाल्या, उद्या लग्न आहे, डोळे सुजतील.

सोमवारी पहाटे निघताना माझ्या चपला सापडेनात. शेवटी पायरीखाली, सरपणाच्या मागे मिळाल्या. अंगठ्याला पोत्याच्या सुतळीने शिवलेला बंद धुळीने भरला होता. काकू म्हणाल्या, कुत्र्याने ओढल्या असतील.

लग्न झालं. काकाने बोलणं टाकलं ते अजून उचललेलं नाही. बाबा मला मुलगी झाल्यावर आले, तांदळाचं पोतं घेऊन, आणि दिवसभर फक्त तांदळाबद्दल बोलले. मग अधूनमधून येऊ लागले. मी शाळा सोडली नाही. आता मुरबाडहून येते. सरांना मी पुढे कधीही कुणाचा पत्ता विचारला नाही. नवीन शिक्षकांना नळाची सूचना द्यायची, दुसरी सूचना मात्र मी गाळत असे.

गेल्या वर्षी सर गेले. निवृत्तीनंतर ते छातीच्या दुखण्याने खाटेला खिळले होते. शेवटच्या दिवसांत त्यांना एकच काळजी होती. कॅथर श्रद्धाळूला मरताना दीक्षा मिळावी लागते. पूर्ण दीक्षा घेतलेल्या माणसाने डोक्यावर ग्रंथ ठेवायचा आणि त्यावर हात ठेवायचा. पण दीक्षा घेतलेल्यानेच दुसऱ्याला द्यायची, आणि शेवटच्या माणसाला फार पूर्वी जाळून टाकलेलं. देणारं कुणी उरलंच नाही. हे त्यांनी मला तीन-चारदा शांतपणे समजावून सांगितलं, एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं. काकू ऐकत असत. शेवटच्या दिवशी त्यांनी मला शाळेतून 'सी' खंड आणायला लावला आणि तो सरांच्या डोक्यावर टेकवून वर हात धरून बसल्या. म्हणाल्या, "कुणी नाय तर मी हाय." खंड जड होता. एका बाजूने मी आधार दिला होता. सरांनी हे नियमात बसत नाही असं सांगायला तोंड उघडलं, काकूंकडे पाहिलं, आणि मिटलं.

अंत्ययात्रेला बाबा आले. मला वाटलं नव्हतं येतील. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं किन्हवलीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बाकावर बसलो. बाबांनी पंचाने तोंड पुसलं. मग म्हणाले, "त्या दिवशी सरांनी सांगितलं नाय."

मी म्हटलं, "नाही सांगितलं."

"सांगायला कशाला पायजे व्हतं? पायरीवर तुझ्या चपला व्हत्या. बंद मीच शिवलेला."

घर सोडून पळालेली, बी.एस्सी. झालेली मुलगी मी. जीव मुठीत धरून दुसऱ्याच्या घरी लपायला गेले, आणि दारात आल्यावर सवयीने चपला पायरीवर काढून, नीट जोडून ठेवून आत गेले. बाबा त्या चपलांवर पंचा टाकून बसले होते, आणि उठताना त्यांनी पायाने त्या सरपणात सारल्या होत्या. सर खोटं बोलले नव्हते, काकूही बोलल्या नव्हत्या, आणि तरीही मी पकडलेच गेले होते.

मी विचारलं, "मग काकाला बोललात का नाही?"

लांबून मुरबाडची एसटी येताना दिसत होती. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझी पिशवी त्यांनी खांद्याला लावली.

"मी कुणाचा ठावठिकाणा सांगत नाय," ते म्हणाले.